एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

१

“एक आला गं, दुसरा आला,
तिसऱ्याच्या डोईला दिवा,
चौथा माझ्या दारचा बाई,
पाय धुवून आत यावा…”

आई हे गायची, पण तिच्या लेखी ते गाणं नव्हतं, मोजणी होती. खाणीची शिट्टी झाली की हातातलं काम टाकून ती उंबऱ्याशी यायची आणि टेकाडावरून उतरणारी काळी माणसं एकेक करून सुरात ओवायची. चौथा कधी चौदावा निघायचा, कधी चाळिसावा. घरचं माणूस दिसलं की आवाज तिथंच थांबायचा. शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं तेवढ्यावरून एक गोष्ट कायमची मनाशी बांधली. कोळसा किती निघाला ते साहेब मोजतात, माणसं किती निघाली ते मोजणारं कुणीतरी निराळं असावं लागतं.

ती पोर आता पन्नाशीला टेकली होती. खाणींतल्या अपघातांची चौकशी करणं हे तिचं सरकारी काम. सगळे तिला नुसतंच ‘बाई’ म्हणत. आज सकाळी बाई एका परक्या खाणीच्या दिवाखोलीत उभ्या होत्या आणि समोरच्या लाकडी फळ्याकडे बघत होत्या.

सकाळच्या पाळीच्या त्या फळ्यावर चौसष्ट खिळे होते, चौसष्ट पितळी बिल्ले, प्रत्येकावर एक नंबर. खाली उतरताना माणसानं आपला बिल्ला घेऊन जायचं, वर आला की खिडकीतून परत द्यायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस जमिनीखाली. बिल्ला टांगलेला म्हणजे माणूस सुखरूप वर. इतका सरळ हिशोब की शाळेतल्या पोरालाही कळावा.

आणि तरी हिशोब चुकला होता. बारा दिवसांपूर्वी दुपारी अडीचच्या सुमाराला, खाणीच्या पोटात, कोळसा वाहून नेणारा लांबलचक रबरी पट्टा चालू झाला आणि त्याच्याखालच्या फिरत्या रुळात सापडून खाणीचा फिटर गेला. चाळिशीचा माणूस. सकाळच्या पाळीचा. मात्र त्याच्या वीस मिनिटं आधीच त्याचा एक्केचाळीस नंबरचा बिल्ला या फळ्यावर येऊन टांगला गेला होता.

म्हणजे फळ्याच्या म्हणण्याप्रमाणे, फिटर मेला तेव्हा तो खाणीत नव्हताच.

सकाळची पाळी खाली उतरायची वेळ झाली होती. माणसं येत होती, बिल्ले उचलत होती. काळे, काजळलेले, बोटांच्या ठशांनी माखलेले बिल्ले. बाई जवळ गेल्या. एक्केचाळीसवर बारा दिवसांची धूळ होती. त्यांनी ती करंगळीनं अलगद पुसली.

खालचं पितळ लख्ख होतं.

२

“मी नाही घासला,” दिवाखोलीचे कारकून म्हणाले. जाड चष्मा, कानावर पेन्सिल, समोर चहाचा गार झालेला पेला. “आला तसा टांगला. मेलेल्या माणसाच्या बिल्ल्याला कोण हात लावतं, बाई? मी तर त्या खिळ्याकडे बघतसुद्धा नाही.”

“तो कुणी आणून दिला?”

“ही खिडकी बघताय ना?” भिंतीत वीतभर चौकोन होता. “यातून मला हात दिसतात. तोंडं नाही. तेवीस वर्षं मी या खाणीतल्या हातांना ओळखतो आणि तरी एकालाही ओळखत नाही. सगळे काळे. बिल्ला ठेवतात, दिवा ठेवतात, जातात.”

“त्याचा दिवा आला होता?”

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. “नाही. दिवा नाही आला. फळा भरला होता, दोन वाजून दहा मिनिटांनी मी वहीत सही केली. दिव्यांच्या मांडणीकडे मी पाळी बदलल्यावर बघतो. तेव्हा एक्केचाळीसची जागा रिकामी दिसली. म्हटलं, फिटर विसरला असेल, डोक्यालाच लावून घरी गेला असेल…” ते थांबले. “माणूस विसरतो म्हटलं, बाई. मरतो असं कुठं आपल्या मनात येतं?”

मुकादम दारातच उभा होता. सकाळच्या पाळीचा प्रमुख. अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून.

“दिव्यातच सगळं आलं, मॅडम,” तो म्हणाला. “बिल्ला दिला, दिवा ठेवून घेतला. का? परत आत जायचं होतं म्हणून. डोंगराच्या पलीकडून जुनी पायवाट आहे, पडकी, पण माणूस शिरतो. महिन्याभरापूर्वी आतली तांब्याची केबल कापून नेलीय कुणीतरी. आणि मेला तेव्हा त्याच्या मुठीत काय होतं? तारेचा तुकडा. पंचनाम्यात लिहिलंय. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण…”

“पण तुम्ही बोललात.”

“वरच्या साहेबांचं मत सांगितलं. परवा अहवाल जायचा म्हणतात.”

“परवा,” बाई म्हणाल्या. “अजून दोन दिवस तो चोर नाही, मुकादम.”

३

फिटरचं घर खाणीच्या वसाहतीत, शेवटून दुसरं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. एक बाही लागलेली, दुसरी टाचणीवर लोंबकळत.

फिटरच्या बायकोनं बाईंना खुर्ची दिली आणि आपण जमिनीवर बसली. रडून झालेल्या बाईमाणसाचा असतो तसा चेहरा, पूर ओसरल्यावरच्या शेतासारखा, सगळं सपाट.

“पोरगी शाळेत जात नाही,” ती म्हणाली. “नऊ वर्षांची आहे. वर्गात एकीची पेन्सिल हरवली, तर सगळ्यांनी हिचं दप्तर उपसलं. घरी येऊन मला विचारते, आई, बाबांनी खरंच चोरलं का गं? मी काय सांगू? माणूस गेला त्याचं दुःख मी उरात ठेवीन. पण हे पोरीच्या कपाळावर काय लिहून ठेवलंय, ते तेवढं पुसा, बाई. दुसरं मला काही नको.”

आतून कुणीतरी पाण्याचा पेला आणला. पंचविशीतला तरुण, दाढी वाढलेली. पेला ठेवताना थोडं पाणी सांडलं, ते त्यानं तळव्यानंच पुसलं. गोरापान तळवा, बोटांच्या टोकांची कातडी सोललेली, वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यासारखी.

“माझा धाकटा दीर,” ती म्हणाली. “याच खाणीत असतो, त्याच पाळीला. आईबापामागं यांनीच वाढवला. वसाहतीत याला सगळे रेडिओ म्हणतात. झोपेतसुद्धा बडबडायचा हो. हे म्हणायचे, अरे, याचं बटण कुठाय, कुणीतरी बंद करा.” ती हसायला गेली आणि ते हसू मधेच कुठंतरी विरघळलं. “आता बारा दिवस झाले, शब्द नाही. कामावर जात नाही. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसतो.”

“त्या दिवशी दादा शेवटचा कधी दिसला तुला?” बाईंनी विचारलं.

रेडिओनं वहिनीकडे पाहिलं, मग दाराकडे. ओठ हलले. आणि तो उठून बाहेर निघून गेला. पायांत चपलासुद्धा न घालता.

“दादावर फार जीव होता,” वहिनी म्हणाली.

बाई पेल्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

४

दुसऱ्या दिवशी बाई खाली उतरल्या. माणसं खाली-वर नेणारा पिंजरा अंधारात सुटला तसे कानांत दडे बसले, आणि तळाशी पोचल्यावर ओल्या कोळशाचा तो वास आला, जो वडिलांच्या अंगाला साबण लावूनही जायचा नाही.

पट्टा बंद होता. चौकशी होईतो बंदच ठेवला होता. बाईंसाठी बोलावून ठेवलेला, मान खाली घालून बसलेला एक माणूस उठून उभा राहिला.

“मी पट्टेवाला. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो तो नव्हे, पट्टा चालवतो तो. दुपारच्या पाळीचा.” रोजचा विनोद असावा. सवयीनं तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच चटका बसला.

“काय झालं, सांग.”

“सांगण्यासारखं काय आहे? आलो, स्विचपाशी गेलो. इथला नियम असा, पट्ट्यावर कुणी काम करत असेल तर तो आपला बिल्ला स्विचच्या दांड्याला टांगतो. ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा. बिल्ला असला तर देव आला तरी आम्ही पट्टा चालू करत नाही. त्या दिवशी बिल्ला नव्हता. दोनदा बघितलं. मग बटण दाबलं.”

“दांड्याला कुलूप घालत नाहीत?”

“कडी तुटलीय. सहा महिने झाले.”

“चालू करण्याआधी घंटा?”

“मुकी आहे. ओरडलो मी, पण पंख्याच्या आवाजात तीनशे पावलांवर कुणाला ऐकू जाणार? कडी, घंटा, सगळ्याचे अर्ज फिटरनंच लिहिले होते. माझ्यासमोर. माझं अक्षर वाईट म्हणून.”

बाई पट्ट्याच्या कडेकडेनं चालत गेल्या. कमरेच्या उंचीवर एक प्लास्टिक चढवलेली तार पट्ट्याला समांतर गेली होती. संकटात ही ओढायची, पट्टा जागीच थांबतो. जिथं फिटर सापडला, तिथं ती तार तुटलेली होती. दोन टोकं लोंबत होती आणि मधला वीतभर तुकडा नव्हता.

बाईंनी एक टोक धरून जोरानं ओढलं. तारेच्या शेवटाला स्विच होता, त्याच्यात ओला कोळसा दगडासारखा बसला होता. काहीही हललं नाही.

मुठीतला तो तुकडा. चोरलेली केबल म्हणे. माणूस जिवाच्या आकांतानं तार ओढत राहिला, तुटेपर्यंत ओढत राहिला, आणि पंचनामा करणाऱ्यानं ते त्याच्या चोरीखाती लिहून टाकलं. बाईंनी दिवा जरा बाजूला फिरवला. मागं उभ्या असलेल्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

“बाई,” मागून पट्टेवाला कळवळून म्हणाला, “मला झोप लागत नाही. पण देवाशपथ, मला कुणी काही सांगितलं नव्हतं.”

बाई वळल्या. “कुणी काय सांगायला हवं होतं तुला?”

पट्टेवाल्यानं जीभ चावली.

“बिल्ला नव्हता म्हणालास. मग सांगायचं काय राहतं? कोण सांगतं तुला, आणि काय?”

“तुम्ही बाहेरच्या,” तो पुटपुटला. “माझ्या तोंडून नको. वर घंटीवाल्या काकांना विचारा. त्यांचं निवृत्तीचं वय झालंय. त्यांना कुणाचं भय नाही.”

५

घंटीवाले काका पिंजऱ्याच्या तोंडाशी लोखंडी पेटीवर बसलेले. एक कान गेलेला, दुसरा बेताचा. पिंजरा वर-खाली सोडायच्या घंटा तेच देत. बाईंनी सवयीनं पहिलाच प्रश्न तो विचारला जो इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता.

“काका, त्या दिवशी माणसं किती वर आली?”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जशी वाट चुकलेली लेक दारात उभी राहावी. मग तो उठला आणि पिंजऱ्याच्या दारामागच्या भिंतीपाशी त्यांना घेऊन गेला.

भिंतभर खडूच्या रेघा होत्या. बोटभर उंचीच्या, शेकडो, हजारो, मुंग्यांच्या रांगेसारख्या.

“डोकं दिसलं की रेघ,” काका म्हणाले. “ऑफिसनं नाही सांगितलं. माझं आपलं. उतरली ती वरच्या ओळीत, चढली ती खालच्या. इथं बघा. सकाळची पाळी. उतरले चौसष्ट. चढले… मोजा.”

बाईंनी मोजले. ओठ हलवत, आईसारखे. त्रेसष्ट.

त्रेसष्टांच्या पुढं थोडी जागा सोडून आणखी एक रेघ होती. ती आडवी होती.

“हा चौसष्टावा,” काका म्हणाले. “चारजणांनी उचलून आणला. निजलेल्या माणसाला उभी रेघ कशी काढू?”

वर चाकावरून दोर करकरत होता.

“काका, हे तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत?”

“मुकादमाला म्हटलं. तो म्हणाला, खडूची रेघ कोर्टात उभी राहत नाही, फळ्यावरचा बिल्ला राहतो.”

“माणसं त्रेसष्ट आणि बिल्ले चौसष्ट. कुणीतरी दोन बिल्ले घेऊन आलं.”

“नेहमीच येतं,” काका शांतपणे म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी एक माणूस पाळी संपल्यावर आत राहिला आणि मेला. तेव्हापासून नियम झाला, साहेबांच्या लेखी परवानगीशिवाय पाळीनंतर कुणी खाली थांबायचं नाही. दोन दहाला फळा भरलेला पाहिजे. पण काम अर्धं असतं. परवानगी साहेब देत नाहीत, आणि काम अर्धं टाकलं तर तेच साहेब ओरडतात. मग माणसांनी तोड काढली. बिल्ला आधी वर जातो, माणूस मागाहून. जो बिल्ला नेतो, त्यानं जाताना पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगायचं, आत अमका आहे. दोन वर्षं चाललंय. कुणाला खरचटलंही नाही.”

एकच पितळेचा तुकडा आणि त्याच्याकडून दोन कामं घेतलेली. खाली तो स्विचवर पहारा देत होता आणि वर तो फळा भरून दाखवत होता. वर नेला, की खालचा पहारा उठला. उरला फक्त एक निरोप. माणसाच्या तोंडचा.

आणि पट्टेवाला म्हणाला होता, मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“कोण होता तो, काका?”

“मी डोकी मोजतो, बाई. खिसे नाही.”

६

बाई परत दिवाखोलीत आल्या तेव्हा पाळी खाली होती. काल सकाळी भरलेला फळा आता ओकाबोका होता. रिकाम्या खिळ्यांच्या रांगा, आणि त्यांत फक्त दोन बिल्ले. एक्केचाळीस. आणि खालच्या रांगेत, कोपऱ्यात, सत्तावन्न.

दोन्ही उजळ.

बाईंनी सत्तावन्न उतरवून घेतला. धुळीखाली तसंच लख्ख पितळ. रोज पाण्यात हात बुडवणाऱ्या माणसाच्या खिशात राहून राहून झालेलं.

“हा कुणाचा?”

“पंपाचा,” कारकून म्हणाले. “तळातलं पाणी उपसतो तो. दिवसभर गुडघाभर पाण्यात. सुटीवर आहे सध्या.” पेन्सिल कानावरून घसरली. “फिटरचा भाऊ, बाई. रेडिओ.”

बाईंनी मुकादमाला बोलावून घेतलं. दार लावलं.

“तुमचा फिटर जुन्या पायवाटेनं बाहेर आला आणि परत गेला, असं तुम्ही म्हणता. मी आज सर्व्हेच्या माणसाला चालवून बघितलं. बाहेर यायला सव्वा तास लागतो. दीड वाजता फिटर पट्ट्यापाशी काम करताना तुम्हीच पाहिलात, तुमच्या जबाबात आहे. दोन दहाला बिल्ला फळ्यावर होता. पिंजऱ्यातून तो आला नाही आणि पायवाटेनं येऊच शकत नव्हता. त्याच्या मुठीतला तुकडा केबलचा नव्हता, पट्टा थांबवायच्या तारेचा होता. तिचा स्विच कोळशानं बुजलेला मी हातानं बघितला. राहिला बिल्ला. ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या फिटरचा बिल्ला लख्ख धुतलेला कसा? या फळ्यावर स्वच्छ पितळ एकाच माणसाचं असतं.”

मुकादम खाली बसला. भरलेलं अंग एकदम पोतं रिकामं व्हावं तसं झालं.

“तुम्हाला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“मी विचारलं नाही,” तो म्हणाला. “मी फिटरला फक्त म्हणालो, रूळ आजच बसव, उद्या साहेब फिरतीवर आहेत. आणि म्हणालो, फळ्यावर खिळा रिकामा दिसता कामा नये. बिल्ला काढा असं मी कधीच म्हणालो नाही, मॅडम.”

“नाही. तसं तुम्हाला म्हणावं लागत नव्हतं.”

“आता हे लिहाल, तर त्या पोरावर येईल सगळं. भावाला भावानं मारलं म्हणतील लोक. म्हणून मी… चोरी काय, मेलेल्याला कुठं लागते? जिवंत माणूस तरी वाचेल म्हटलं.”

“नऊ वर्षांची एक पोरगी आहे त्यांच्या घरात,” बाई म्हणाल्या. “तिला लागते.”

पण बाहेर आल्यावर त्या दारातच थांबल्या. मुकादम एका गोष्टीत खोटं बोलला नव्हता. म्हाताऱ्याच्या खडूवर आणि पितळेच्या चमकेवर वरचं ऑफिस विश्वास ठेवणार नाही. ज्यानं बिल्ला वर आणला, त्यानंच तोंड उघडलं तर फिटर मोकळा होईल. आणि तो मोकळा झाला की दुसरा आयुष्यभराचा अडकेल. हे त्याच्याकडून हिसकावून घेण्याचा हक्क चौकशी करणाऱ्या बाईला आहे का? कायद्यानं होता. आईच्या लेकीला नव्हता.

७

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई पुन्हा त्या घरी गेल्या. हातातली फाइल त्यांनी उघडली नाही. शिलाई मशीन चालू होतं. गणवेशाची दुसरी बाही लागत होती. पोरगी दारापाशी बसून आईनं कापलेल्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत होती. रेडिओ भिंतीला टेकून बसला होता, हात मांड्यांखाली दाबून.

“ताई,” बाई म्हणाल्या, “तुमचा माणूस त्या दिवशी वर आलाच नव्हता. तो चोरी करायला गेला नव्हता. सांगितलेलं काम पुरं करायला थांबला होता. मला हे कळलंय. तसं मी लिहीनही. पण ते टिकायला एका माणसाचं बोलणं लागेल. बिल्ला ज्यानं वर आणला, त्याचं. वाईट हेतूनं नाही, जशी इथली सगळी माणसं आणतात तसाच आणला. तुटकी कडी, मुकी घंटा, बुजलेला स्विच आणि तो फळा भरण्याचा हुकूम, हे सगळं आधी लिहिलं जाईल, त्याचं नाव नंतर. मी कुणावर जबरदस्ती करायला आले नाही. संध्याकाळी पाचला माझी गाडी निघते.”

मशीन थांबलं. सुई कापडातच राहिली.

बाईंनी रेडिओकडे पाहिलं नाही. त्यांनी मुद्दाम पोरीकडे पाहिलं. तिनं निळ्या चिंध्या एका ओळीत लावल्या होत्या, पांढऱ्या दुसऱ्या.

“काका,” पोरगी मान न वळवता म्हणाली, “तुम्ही बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प असता तर मला भीती वाटते.”

रेडिओच्या घशातून एक आवाज आला, चौदा दिवस न वापरलेल्या दाराचा येतो तसा.

“वहिनी.”

ती वळली.

“बिल्ला मी काढला, वहिनी. दादानंच सांगितलं. म्हणाला, रूळ बसायला अजून अर्धा तास, तू माझा बिल्ला घेऊन जा, नाहीतर मुकादम जीव खाईल. ग्रीसनं माखलेला होता, कारकून ओरडतो, म्हणून मी पंपाच्या पाण्यात धुतला…” तो थांबला. हात मांड्यांखालून निघाले आणि कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

वहिनीनं तोंडावर पदर धरला. पण ती उठली नाही, किंचाळली नाही. “मग?” ती म्हणाली. “पट्टेवाल्याला सांगायचं असतं ना? हे मला सांगायचे, आमच्यात निरोप असतो, काळजी करू नकोस म्हणायचे. तुला तो भेटला नाही का?”

“भेटला.”

हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

“पिंजऱ्यापाशी भेटला,” रेडिओ म्हणाला. “तो उतरत होता, मी चढत होतो. मला म्हणाला, काय रे रेडिओ, आज काय बातम्या? सगळे बघायला लागले माझ्याकडे. मग मी… मी दादाची नक्कल केली, वहिनी. तो पाना हातात घेऊन कसा चालतो, वाकून, आणि आपल्याशीच कसा पुटपुटतो. अर्ज लिहिला, उत्तर नाही, अर्ज लिहिला, उत्तर नाही. हुबेहूब. सगळे पोट धरून हसले. पट्टेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात घंटा झाली, पिंजऱ्याचं दार लागलं. वर येईपर्यंत मी हसतच होतो. दादा आत आहे, एवढंच सांगायचं होतं. दादाची नक्कल करता करता दादालाच विसरलो मी, वहिनी.”